मुस्लिम कुटुंबात होमस्कूलिंगचं नवं वर्ष कसं आखतात?

होमस्कूलिंग म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणं. मुस्लिम कुटुंबांत गणित, विज्ञान, भाषा यांच्या जोडीला कुराणपठण, उर्दू किंवा अरबीही असतं. नमाजच्या वेळांभोवती दिवस आखता येतो. हिजरी वर्ष १० ते १२ दिवसांनी लहान असल्यानं रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो. त्या महिन्यात नवे धडे कमी आणि उजळणी जास्त ठेवणं सोयीचं.

पण दहावीचं काय? केंद्र सरकारच्या एनआयओएस या मुक्त विद्यालयातून वयाच्या १४ व्या वर्षानंतर दहावी देता येते. त्यासाठी पाच विषयांत उत्तीर्ण व्हावं लागतं. उर्दू, अरबीही निवडता येतात. नुसत्या हिफ्जवर, म्हणजे कुराण मुखोद्गत करून, हे प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणून दोन्हींचे तास वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा.