चांद्याची जमीन : विकणारा काय विकतो?

चांद्यास जटपुरा दरवाजाच्या आत काय किंवा बाहेर काय, चार माणसे एकत्र बसली की बोलणे जमिनीच्या भावावर येते. रस्ता कोठून जाणार, खाण कोठे निघणार, कोणत्या मौजातील शेतांचे तुकडे पाडणे चालू आहे, याची वार्ता प्रत्येकापाशी असते. भावाची चौकशी सारेच करतात. हक्काची चौकशी मात्र फार थोडे. वास्तविक जमीन कधीच हातोहात जात नाही. माती जागच्या जागी राहते. विकला जातो तो तिच्यावरील हक्क. विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क असेल तेवढाच तो देऊ शकतो, त्याहून तसूभर अधिक नाही. आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या या झाडीत त्या हक्कावर इतके थर चढलेले आहेत की, ते उलगडून पाहिल्यावाचून सातबाऱ्यावरील एक शब्दही नीट उमजत नाही. आज आपण तेच करू.

सर्वांत खालचा थर गोंड राजांचा. हिरशहा राजाने रयतेस असे सांगितले, अशी परंपरा आहे की, जो जंगल तोडून जमीन वाहितीस आणील त्याला तिची सनद मिळेल आणि जो तलाव बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन इनाम मिळेल. या परंपरेतील विचार मोठा आहे. हक्क पैशातून नव्हे, श्रमातून निर्माण होतो, असा तो विचार होय. आपल्या भागातील गावोगावचे तलाव आणि त्यांखालची धानाची बांधी ही त्याच रीतीची साक्ष आहेत.

1751 साली चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. त्यांच्या अमलात गावचा सारा जो गोळा करी तो मालगुजार. तो वसुलीचा मक्तेदार होता, गावाचा धनी नव्हता. 1854 साली नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले, 1861 साली मध्यप्रांत झाला आणि पुढे मेजर ल्यूसी स्मिथ यांनी जिल्ह्याची जमाबंदी केली. तिचा अहवाल 1869 चा आहे. या काळात एक गोष्ट घडली, ती आमच्या मते आपल्या जमिनीच्या इतिहासातील सर्वांत मोठी उलथापालथ होय. काल जो वसुलदार होता, त्याला सरकारने मालक केले.

मालकी आली की विक्री आली. अख्खे गाव बाजारात आले. गावाचे सोळा आणे धरायचे आणि हिस्से आण्या-पैने विकायचे. कोणी चार आणे गाव घेतले, कोणी आठ आणे गहाण टाकले. गावात राहणारी, नांगरणारी माणसे तीच. त्यांचा मालक मात्र दूरच्या शहरातील एखादा सावकार. ज्यांनी आपली जमीन स्वतंत्रपणे राखली होती ते मलिक-मकबुजा ठरले. बाकीचे कुळे झाले. पूर्वेकडे जमीनदाऱ्या होत्या. तेथील स्वातंत्र्याची ऊर्मी किती तीव्र होती हे मोलमपल्लीचे बाबूराव शेडमाके यांनी दाखविले. 21 ऑक्टोबर 1858 रोजी इंग्रजांनी त्यांना चांद्यास फाशी दिले.

ही मालकी सुमारे ऐंशी वर्षे टिकली. मध्यप्रदेश विधिमंडळाने 1950 साली मालकी हक्क रद्द करणारा कायदा केला आणि 31 मार्च 1951 रोजी मालगुजाऱ्या व जमीनदाऱ्या सरकारात जमा झाल्या. अहेरीचे जमीनदार राजे विश्वेश्वरराव या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1952 साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. मालगुजारांपाशी उरले ते राहते घर आणि घरच्या वहिवाटीची सीर व खुदकाश्त जमीन. जंगल, पडीत, गावचे तलाव हे सारे सरकारचे झाले. म्हणूनच त्या तलावांना आज आपण माजी मालगुजारी तलाव, किंवा थोडक्यात मामा तलाव म्हणतो. तेव्हा कोणी पणजोबांचा जुना कागद पुढे करून, ‘हा तलाव आमचा, ही झाडी आमची’ असे सांगू लागला, तर त्याला आदराने नमस्कार करावा आणि पैशाची पिशवी घट्ट धरावी.

पुढे 1954 च्या मध्यप्रदेश महसूल संहितेने भूमिस्वामी आणि भूमिधारी असे दोन प्रकार केले. 1956 साली आपण मुंबई राज्यात आलो, 1960 साली महाराष्ट्रात. महाराष्ट्राची 1966 ची महसूल संहिता लागू झाल्यावर भोगवटादार वर्ग एक आणि वर्ग दोन ही नावे आली. वर्ग एकची जमीन सामान्यतः मोकळेपणी विकता येते. वर्ग दोनच्या हस्तांतरणावर बंधन असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून केलेला व्यवहार घेणाऱ्याच्या गळ्यात पडतो. सातबाऱ्यावरील एवढासा आकडा. पण त्यात आयुष्याची पुंजी बुडू शकते.

आता सर्वांत नाजूक थर. कर्ज, उपास, लग्नकार्य आणि निरक्षरता यांच्या कात्रीत सापडून आदिवासींच्या किती जमिनी गेल्या, हे या भागात कोणास सांगावे लागत नाही. 1974 साली महसूल संहितेत 36-अ हे कलम आले. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीने घ्यावयाची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी आणि विक्रीस शासनाची मान्यताही हवी, असे ते सांगते. त्याच वेळी जमिनी परत करण्याचा कायदा झाला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात गेलेल्या जमिनी, त्या वेळी व्यवहार रीतसर झालेला असला तरीही, परत मागण्याची वाट त्याने उघडली. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने हाही कायदा वैध ठरविला.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हसून उडवून देण्यासारखा नाही. आदिवासी शेतकरीच कधी विचारतो, ‘माझी जमीन मला विकता येत नाही, मग ती माझी कशी? शेजाऱ्याला जो भाव मिळतो तो मला का नाही?’ प्रश्न खरा आहे. परंतु गरज ज्याच्या उरावर बसली आहे त्याचे विकणे हे खुशीचे विकणे नसते. कायद्याने भाव कमी झाला हे मान्य करू. पण कायदा नसता तर भाव मिळाला असता आणि जमीन उरली नसती.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने या प्रश्नाला स्वतःचे उत्तर दिले आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे 2013 साली गावकऱ्यांनी आपली खासगी शेतीही 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेस अर्पण करण्याचा निर्णय घेतला. जमीन बाजारात आणायचीच नाही, असेही एखादे गाव ठरवू शकते, हे शहरवासीयांनी ध्यानात ठेवावे.

शेवटचा थर ताजा आहे. विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत कितीतरी जमीन कागदोपत्री ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली आहे. तीवर घरे, कचेऱ्या, शाळाही उभ्या राहिल्या. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही जमीन वनच समजावी. 12 डिसेंबर 1996 पूर्वीच्या वाटपांना केंद्राच्या मंजुरीने नियमित करण्याची वाट मात्र ठेवली. डोळ्यांना जेथे एकही झाड दिसत नाही तेथेही जंगल असू शकते, ते कागदात असते.

या साऱ्यातून व्यवहारापुरते काय घ्यावे? घेणाऱ्याने चालू सातबाऱ्यावर थांबू नये. जुने फेरफार, अधिकार अभिलेख आणि गावचे निस्तारपत्रक पाहावे. शहरातील जागा असेल तर आखीव पत्रिका आणि ती नझूलची आहे काय, हे पाहावे. भोगवट्याचा वर्ग वाचावा. मोजणी करून हद्द पायाखाली घालावी. शेतीच्या तुकड्यास ‘प्लॉट’ म्हटल्याने तो अकृषक होत नाही. दस्त नोंदला म्हणजे विकणाऱ्याचा हक्क सिद्ध झाला, असेही नाही; नोंदणी व्यवहाराची होते, मालकीची नव्हे. विकणाऱ्याने वारसांची नावे आधी चढवून घ्यावीत, बहिणींची नावे गाळू नयेत, बोजा लपवू नये आणि ठरलेली रक्कम हाती येण्यापूर्वी कोऱ्या कागदावर अंगठा किंवा सही देऊ नये.

हिरशहाच्या परंपरेत हक्क तलाव बांधणाऱ्याचा होता. मध्ये तो वसुली करणाऱ्याकडे गेला, मग पैसेवाल्याकडे. आणि गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे कायदा तो नांगरणाऱ्याकडे परत नेऊ पाहत आहे. उद्या कोणी आपल्यापुढे स्वस्त जमिनीचा कागद ठेवील, तेव्हा भाव विचारण्याआधी एवढेच विचारावे : या जमिनीवर पहिला नांगर कोणाचा, आणि ती त्याच्या हातून कशी गेली?