फाशांपासून यंत्रापर्यंत: बॉलरूमचं संगीत आणि हरवलेली नावं

मी रायपूरच्या पुरानी बस्तीतून बोलतोय. दूधाधारी मठ, महामाया मंदिर, तलावाकाठचे जुने वाडे आणि जवळच तात्यापारा. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडात आली, तेव्हापासून मराठी इथं नांदते आहे. अशा वस्तीत बसून बॉलरूम नाचाच्या संगीतावर बोलायचं म्हणजे विषय लांबचा वाटेल. पण तो आता आमच्या गल्लीत पोचलाय. लग्नाच्या ‘संगीत’मध्ये नवरा-नवरीचा जोडीनाच ठरलेला असतो. नाच बसवणारी मंडळी त्याची चित्रफीत टाकतात. ओळखीचं गाणं वापरलं की हक्काचा दावा येतो आणि आवाज बंद होतो. मग उपाय म्हणून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला चार शब्द लिहून द्यायचे: ‘वॉल्ट्झ, व्हायोलिन, संथ’. मिनिटभरात धून तयार.

ही धून कुणाची? आजचा भाग या एका प्रश्नाचा आहे.

यंत्राकडून नाचाचं संगीत करवून घ्यायची कल्पना आजची नाही. १७५७ साली बर्लिनमध्ये योहान फिलिप किर्नबर्गर यानं एक पुस्तक छापलं. हा बाखचा शिष्य. पुस्तकाच्या नावाचा अर्थ साधारण असा: ‘मिन्युएट आणि पोलोनेझ रचणारा, केव्हाही तयार!’ मिन्युएट आणि पोलोनेझ हे त्या काळचे दरबारी नाच. फासे टाकायचे, जो आकडा पडेल त्या घरातला सुरांचा तुकडा उचलायचा आणि पुढं जोडायचा. संगीत न शिकलेल्या माणसालाही नाचाची धून मिळे.

१७९०च्या दशकात असाच एक खेळ मोझार्टच्या नावानं छापला गेला. तो त्याचाच, हे सिद्ध झालेलं नाही. त्यात वॉल्ट्झची सोळा घरं आणि दोन फासे. दोन फाशांची बेरीज दोनपासून बारापर्यंत, म्हणजे प्रत्येक घराला अकरा पर्याय. काही घरांतले तुकडे सारखेच आहेत, तरीही वेगवेगळ्या धुनींची संख्या पंधरा आकडी भरते.

हे खेळ नाचाच्या संगीतावरच का बेतले गेले? कारण नाचाचं संगीत चौकटीत चालतं. वॉल्ट्झमध्ये तीन मात्रा, पहिलीवर जोर, ठरलेल्या संख्येनं ओळी. आपल्या दादऱ्याशी ताडून बघा. दादऱ्यातही तीन-तीनच मात्रा, पण दुसऱ्या तिनांवर खाली येते. एक भरलेला, एक रिकामा असा श्वास असतो. वॉल्ट्झला खाली नाही. प्रत्येक तिनाची पहिली मात्रा तितकीच ठाम, कारण तिच्यावर पाऊल पडायचं असतं. पावलाला शंका चालत नाही. म्हणून तुकडे सुटे करून कसेही जोडले तरी नाच मोडत नाही.

पुढचं पाऊल ॲमस्टरडॅमचं. डिट्रिख विंकेल या कारागिरानं १८२१ साली ‘कंपोनियम’ नावाचं यंत्र केलं. त्यात दोन फिरती पिंपं. एक वाजत असताना दुसरं आपोआप सरकून नवा तुकडा निवडी, आणि मूळ धुनीचे नवनवे अवतार निघत राहत. हे यंत्र आज ब्रुसेल्सच्या वाद्यसंग्रहालयात आहे. याच विंकेलनं १८१४ साली लय मोजणारा दोलक बनवला होता. ती कल्पना उचलून योहान मेल्त्सेल यानं १८१५ मध्ये मेट्रोनोमचं पेटंट घेतलं. आजही स्वरलिपीवर लयीच्या आकड्याआधी ‘एम. एम.’ ही अक्षरं दिसतात, म्हणजे ‘मेल्त्सेलचा मेट्रोनोम’. शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

विसाव्या शतकात लय आणखी घट्ट झाली. लंडनचा व्हिक्टर सिल्व्हेस्टर स्वतः नर्तक, १९२२चा जागतिक विजेता. नाचायला योग्य अशा तबकड्या मिळत नाहीत म्हणून त्यानं १९३५ मध्ये आपला वाद्यवृंद काढला आणि ‘काटेकोर लयी’च्या तबकड्या बाजारात आणल्या. आजही स्पर्धेत वॉल्ट्झ मिनिटाला २८ ते ३० आवर्तनांत, म्हणजे ८४ ते ९० मात्रांत वाजवावा लागतो. क्विकस्टेपला ५० ते ५२ आवर्तनं.

हे संगीत आपल्याकडं कुणाच्या हातांनी आलं? मुख्यतः गोव्याच्या. पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना व्हायोलिन आणि स्वरलिपी शिकवली जाई. एकोणिसाव्या शतकात गोव्याच्या मोठ्या घरांच्या दिवाणखान्यांत मांडो रुजला: कोकणी शब्द, सहा मात्रांची चाल, व्हायोलिनच्या जोडीला मातीचं घुमट आणि समोरासमोर ओळीत नाचणारी जोडपी. स्वरलिपी वाचणारी ही मंडळी पुढं मुंबईच्या हॉटेलांत, क्लबांत, संस्थानिकांच्या बँडांत शिरली. खरगपूर, बिलासपूरसारख्या रेल्वे वसाहतींच्या इन्स्टिट्यूटांत अँग्लो-इंडियन कुटुंबांचे नाच होत. म्हणजे वॉल्ट्झ रायपूरच्या रेल्वेमार्गावरही होताच.

मग इंग्रज गेले, संस्थानं विलीन झाली, १९४९ मध्ये मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. नाचाच्या दालनांतलं काम आटलं आणि वादक चित्रपटांकडं वळले. पुणतांब्यात जन्मलेले, नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडं शिकलेले रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांना ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची साथ मिळाली. त्यांचं खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ. ‘अलबेला’ (१९५१) मध्ये भगवानदादा ज्या लॅटिन ठेक्यावर नाचले, तो याच संगतीतला. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशनच्या गाण्यांचे वाद्यमेळ लिहिले. मजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडं प्यारेलाल व्हायोलिन शिकले. पडद्यावर नाव मात्र संगीतकाराचं. वाद्यमेळ लिहिणारा बहुधा ‘सहायक’, आणि मागं वाजवणारे पन्नास जण तर कुठंच नाहीत.

आता यंत्राकडं परत येऊ. १९५७ साली अमेरिकेत हिलर आणि आयझॅकसन यांनी संगणकाकडून रचून घेतलेला ‘इलियाक सूट’ प्रसिद्ध झाला. तिथं संगणकाला रचनेचे नियम आणि संभाव्यतेची गणितं दिली होती. आजची साधनं नियम पाठ करत नाहीत. ती ध्वनिमुद्रणांच्या प्रचंड साठ्यातून वळण उचलतात. याच मुद्द्यावर जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या तबकडी कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या दोन साधनांवर दावे लावले. २०२५ मध्ये त्यांतल्या काही कंपन्यांनी तडजोड करून परवान्याचे करार केले. कराराच्या टेबलाशी कंपन्या बसल्या. मागच्या रांगेतल्या व्हायोलिनवाल्याची खुर्ची तिथं कुणी मांडली?

माझं म्हणणं एवढंच. फाशांचा खेळही यंत्रच होता, पण तुकडे किर्नबर्गरनं लिहिले होते आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव होतं. आजच्या यंत्रात तुकडेच ओळखू येत नाहीत, त्यामुळं नाव लिहायची जागाच उरत नाही. ज्यांना त्यांच्या हयातीत श्रेय मिळालं नाही, त्यांची ओळख यात दुसऱ्यांदा पुसली जाण्याची भीती आहे. पहिल्यांदा पुसली ती आपण, पडद्यावरच्या अक्षरांत. यंत्रावर राग काढताना हे विसरून चालणार नाही.

म्हणून साधन वापरायला माझी हरकत नाही. लयीचा आकडा लिहून द्या, पण मेट्रोनोम लावून तपासा; मागितलेली लय आणि मिळालेली लय यांत फरक पडू शकतो, आणि चुकलेली मात्रा कानाआधी पायाला कळते. चित्रफितीखाली धून यंत्राची आहे असं स्पष्ट लिहा. जमलं तर तिच्यावर तुमच्या गावातल्या जिवंत माणसाकडून एक वाद्य वाजवून घ्या. लग्नाच्या बँडमधला क्लॅरिनेटवालाही चालेल. त्याला पैसे द्या आणि त्याचं पूर्ण नाव लिहा. दोनशे वर्षांनी कुणी विचारलं, ही धून कुणाची, तर निदान एक नाव तरी खरं सापडेल.

पुढच्या भागात दादऱ्याकडं वळू. तोवर नमस्कार.