हाताची घडी आणि मोकळे हात

आपल्याकडे तान्ह्या मुलाच्या हाती प्रथम खुळखुळा येतो, मग पांगुळगाडा, आणि पुढं भोवरा, चिंचोके, सागरगोटे. हा क्रम कोणा शास्त्रज्ञानं लावून दिलेला नाही. पण तो शरीराच्या वाढीला धरून आहे. आधी मान सावरते, मग पाठ, मग पाय. हाताचंही तसंच. आधी खांदा ताब्यात येतो आणि सरतेशेवटी बोटं. सहा महिन्यांचं मूल वस्तू अख्ख्या पंजानं ओढतं. नऊ-दहा महिन्यांचं झालं की तेच मूल जमिनीवरचा कण अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत उचलतं.

घराला हे ठाऊक होतं. शाळेला मात्र पुष्कळ काळ ठाऊक नव्हतं. तिचा पहिला हुकूम ठरलेला: 'हाताची घडी, तोंडावर बोट!' ही घडी सुटली कशी, ती हकीकत आज सांगायची आहे.

६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी एक बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेले की तिथली मुलं दिवसभर मोकाट असत. माँटेसरीबाईंनी त्यापूर्वी बुद्धीची वाढ खुंटलेल्या मुलांबरोबर काम केलं होतं, आणि हात व इंद्रियं यांच्या वाटेनं बुद्धी जागी होते हे त्यांनी तिथं पाहिलं होतं. म्हणून त्यांनी या मुलांच्या हाती पुस्तक दिलं नाही. लाकडाच्या ठोकळ्यात लहानमोठी भोकं, प्रत्येक भोकात नेमका बसणारा दट्ट्या, आणि दट्ट्याच्या डोक्यावर चिमटीत धरायची बारकी मूठ, असं एक साधन दिलं. मुलाच्या लेखी तो खेळ. पण उद्या जी तीन बोटं लेखणी धरणार, तीच इथं कसली जात होती. दट्ट्या चुकीच्या भोकात गेला तर शेवटी एखादा उरतो. म्हणजे चूक दाखवायला शिक्षकाची गरज नाही. खरखरीत कागदाची अक्षरं मुलं बोटानं गिरवीत. असे हात तयार झाल्यावर काही मुलं एके दिवशी आपण होऊन लिहू लागली, असं बाईंनी नमूद केलं आहे.

मग कोणी म्हणेल, लवकर सुरुवात केली तर मूल लवकर तयार होईल! याचं उत्तर अमेरिकेतील येल विद्यापीठात आर्नल्ड गेझेल यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मिळतं. दोन जुळ्या बहिणी होत्या. एकीला ४६व्या आठवड्यापासून सहा आठवडे पायऱ्या चढण्याचा सराव दिला. दुसरीला दिला नाही. ५३व्या आठवड्यात दुसरी आपली आपणच पायऱ्या चढली, आणि दोनच आठवड्यांच्या सरावानं तिनं बहिणीला जवळजवळ गाठलं. घाई व्यर्थ गेली. मात्र एक लक्षात ठेवावं: त्या दुसरीला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. वेळ यावी लागते, तशी मोकळीकही असावी लागते.

आपल्या बाजूला हा विचार गिजुभाई बधेका यांनी आणला. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक तिथं त्यांच्या सहकारी झाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पण तयार साधनांची किंमत खेड्याला झेपणारी नव्हती. १९४५ साली ताराबाईंनी समुद्रकाठच्या बोर्डी गावी बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. हरिजन आणि आदिवासी वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी!

अंगणात साधनं कसली? शंखशिंपले, बिया, खडे, पानंफुलं, माती. बिया निवडून वेगळ्या करताना तीच चिमट, तीच नजर, तोच धीर लागतो. पुढं १९५७ साली हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबादच्या टेकडीवर गेलं. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात भरू लागली; तिचं नावच कुरणशाळा. या मुलांच्या हातापायांत काही कमी नव्हतं. झाडावर चढणं, धाकट्या भावंडाला कडेवर सांभाळणं, हे त्यांना येतच होतं. कमी होती ती याला शिक्षण मानणाऱ्या शाळेची, आणि ती ताराबाई-अनुताईंनी भरून काढली.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. नाव गेलं, पण त्यामागची दृष्टी सगळीकडे पोचली असं म्हणवत नाही. तीन वर्षांच्या मुलाला रांगेत बसवून ओळीनं अक्षरं काढायला लावणारे पालक आणि शिक्षक आजही आहेत. त्या वयात मनगटातली बरीचशी हाडं अजून कूर्चेच्याच रूपात असतात. ती एकेक करून पुढं कित्येक वर्षं पक्की होत जातात. अशा हातावर लेखणीची सक्ती केली तर अक्षर सुधारत नाही. मूल तेवढं पाटीला भिऊ लागतं.

गावातल्या शिक्षकांना यासाठी पैसा नको. एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात न सांडता ओतणं, शेंगा सोलणं, चिखलाचे बैल करणं, फुलं ओवणं, आखलेल्या रेघेवरून तोल सांभाळून चालणं, हे सारं प्रत्येक वाडीवर होण्याजोगं आहे. पालक विचारतील, 'पोरगं आज काय शिकलं?' त्यांना हक्कानं सांगावं, की आज त्यानं वाटीभर चिंचोके एकही न सांडता मोजून ठेवले. लिहिण्याची तयारी यातूनच होते.