डिंक आणि औषधाची गोळी

परभणी जिल्ह्यांतील बोरीसारख्या गांवीं बांधावरच्या बाभळीला चीर पडली कीं डिंक पाझरतो आणि बाळंतिणीच्या लाडवांत जातो. औषधाच्या गोळीशींही डिंकाचें नातें जुनें आहे. वैद्य खलांत चूर्ण घोटून वटी वळीत, तेव्हां चिकटपणा हाच त्यांचा आधार असे. योगराज गुग्गुळांत तर झाडाचा निर्यास औषधही असतो आणि बंधकही.

हातानें वळलेल्या गोळीचें युग पालटलें तें यंत्रामुळें. विल्यम ब्रॉकेडन या इंग्रज चित्रकारानें १८४३ सालीं साच्यांत भुकटी दाबून गोळी करण्याचें पेटंट घेतलें. परंतु यंत्र भुकटी तोलीत नाहीं, साचा भरतें एवढेंच. भुकटी नरसाळ्यांत अडली, तर एका गोळींत औषध कमी पडतें आणि दुसरींत अधिक. हृद्रोग्याच्या बाबतींत हा फरक जिवावर बेतूं शकतो.

येथें डिंकानें एक नवल केलें. त्याच्या पाण्यांत भुकटी भिजवून, चाळून वाळविली, म्हणजे तिचे टपोरे कण होतात व ते सहज घरंगळतात. चिकटणाऱ्या पदार्थानेंच भुकटीला वाहतें केलें! मात्र डिंक अधिक झाला कीं गोळी दगडासारखी होऊन पोटांत लवकर विरघळत नाहीं. शिवाय झाडागणिक व ऋतुमानागणिक त्याचा गुण बदलतो आणि दमटपणानें त्यांत जंतु वाढतात. म्हणून संशोधक डिंक तापवून, तुषारांच्या रूपानें वाळवून अथवा रासायनिक क्रियेनें पालटून पाहूं लागले.

या पालटाची कसोटी साधी आहे. खळ्यावरची ज्वारीची रास जसा आपला उतार धरते, तशीच भुकटीचीही रास धरते. तो कोन ३० अंशांपर्यंत असल्यास वहन उत्तम. दुसरी कसोटी कार यांनीं १९६५ सालीं मांडली. मापक नळींतील १०० घन सेंटिमीटर भुकटी ठोकून ८५ वर बसली, तर निर्देशांक १५ येतो व वहन चांगलें समजतात. त्यानंतर गोळ्यांचें वजन, कठीणपणा व विरघळण्याचा वेळ पाहिल्यावांचून निर्णय देतां येत नाहीं.

बाभळीच्या डिंकाची किंमत म्हणून केवळ चिकटपणावर ठरत नाहीं. घाण्यांतील पहिल्या गोळीइतकेंच औषध शेवटच्या गोळींतही असावें, या रोग्याच्या हक्काला तो किती उपयोगी पडतो, त्यावर ती ठरते.