पाठ कोणाचा? : पोथीवाचक ते ध्वनिमुद्रित ग्रंथ

‘वाचक’ हा शब्द आज आपण एकट्याने, मनातल्या मनात वाचणाऱ्यासाठी वापरतो. हा अर्थ मुद्रणसंस्कृतीबरोबर स्थिरावला. त्यापूर्वी मराठी समाजात वाचक म्हणजे प्रामुख्याने इतरांसाठी वाचणारा. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजा किंवा घाटाखालच्या अशाच एखाद्या वऱ्हाडी गावात चातुर्मासात पोथी लावण्याची जी प्रथा आहे, तीत हा जुना अर्थ अजून शाबूत दिसतो. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाकीचे हुंकार देतात. श्रीधराचे ‘हरिविजय’ (1702) आणि ‘पांडवप्रताप’ (1712) अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यांपर्यंत पोचले ते याच मार्गाने. समाप्तीच्या दिवशी वाचणाऱ्यास शिधा-दक्षिणा मिळे, हे खरे; पण ते वेतन नव्हे.

2005 मध्ये मॉन्ट्रिअल येथे ह्यू मॅक्‌ग्वायर यांनी ‘लिब्रिव्हॉक्स’ हा उपक्रम सुरू केला. स्वामित्वहक्क संपलेले ग्रंथ स्वयंसेवकांनी मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करावेत आणि ती मुद्रणे कोणालाही विनामूल्य मिळावीत, असे त्याचे स्वरूप. आपल्याकडे अशा प्रयत्नांकडे तंत्रज्ञानाचे अपत्य म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः ध्वनिमुद्रण करणारा स्वयंसेवक हा पोथीवाचकाचाच वंशज आहे. फरक पडतो तो हुंकाराचा. समोरचा श्रोता गुंतला, कंटाळला किंवा गोंधळला, की पोथीवाचक थांबे, ओवी पुन्हा घेई. यंत्रापुढे बसलेल्या वाचकाला ही सोय नाही. त्याचे एकच वाचन कायम होऊन बसते.

येथे ‘पाठ’ या शब्दाचा विचार उपयोगी पडेल. मराठीत पाठ म्हणजे पठणही आणि संहितेचे विशिष्ट रूपही. हा केवळ शब्दयोग नाही. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा त्या पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना भेटून गोळा केल्या. पुढे मूळ पोथी नष्ट झाल्यावर हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ‘लीळाचरित्र’ पुन्हा सिद्ध झाले, असे महानुभाव परंपरा सांगते. आज आपण ज्यांना ‘लीळाचरित्रा’चे पाठ म्हणतो त्यांच्या मुळाशी असे कोणाचे तरी ऐकणे आणि सांगणे आहे. ‘लिब्रिव्हॉक्स’ने एकाच ग्रंथाची अनेक वाचने स्वीकारली, उच्चाराची कोणतीही एक पद्धत प्रमाण मानली नाही, आणि तपासणी मुख्यतः तांत्रिक दोषांपुरती ठेवली. पाठभेदांविषयीची ही उदारता आपल्या संपादकांना परकी वाटू नये.

परंतु मराठी अभिजात ग्रंथ कोणी वाचायचे, असा प्रश्न निघाला की आपल्या मनात ‘शुद्ध’ आवाज उभा राहतो. घाटाखालच्या वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (1905) मराठीच्या बोलींमध्ये वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे. तरीही त्या उच्चाराला आपण नाटकात विनोदापुरती जागा देतो, ग्रंथवाचनात देत नाही. याची किंमत कोणत्या ग्रंथाला मोजावी लागते, हे बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलना’वरून (1882) दिसते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील खटल्यानंतर उठलेल्या स्त्रीनिंदेला दिलेले ते उत्तर. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये (1885) तिची बाजू घेतली, तरी पुस्तक विस्मृतीत गेले, आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले. म्हणजे ते आपल्याला परत मिळाले ते संशोधकाच्या टेबलावर, छापील संहिता म्हणून. त्यातील वाक्ये मात्र टेबलासाठी लिहिलेली नाहीत. ती पुरुषांना समोर धरून सवाल करतात, उत्तराची वाट न पाहता पुढचा सवाल टाकतात, बोलीतल्या म्हणींनी टोमणा मारतात. मूक वाचनात हा आवेश ‘शैली’ होऊन बसतो. वृत्तनिवेदकाच्या सुरात वाचला तर तो नाहीसाच होईल. बुलढाण्याच्या परिसरातील एखाद्या स्त्रीने तो मजकूर आपल्या श्वासाच्या लांबीने वाचला, तर विरामचिन्हांविषयीचे कित्येक निर्णय तिला संपादकाच्या आधी घ्यावे लागतील. माझ्या मते ती टीकाच ठरेल.

ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ची अडचण याच जातीची, पण उलट्या बाजूची. यमूचे आत्मकथन पुरुषाने लिहिले आहे. मनात वाचताना आवाज कोणाचा हे ठरवावे लागत नाही. मुद्रणासाठी वाचताना ठरवावेच लागते.

विनामूल्यतेला कायद्याची चौकट आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क राहतात. 1992 पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. अंध वाचकांसाठी मात्र 2012 च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, आणि त्याच हेतूने झालेला 2013 चा माराकेश करार सर्वप्रथम भारताने 2014 मध्ये मान्य केला. बाकीच्यांना थांबणे भाग आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता 1930 च्या दशकात ग. ना. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेतून घरोघरी ऐकली गेली. त्याच नावाचा संग्रह निघाला तो 1954 मध्ये. बुलढाणा जिल्ह्यातील हा कवी महाराष्ट्राने वाचण्याआधी ऐकला. त्यांचे निधन 2000 साली झाले. त्यामुळे त्यांच्या कविता परवानगीवाचून ध्वनिमुद्रित करण्याची मुभा स्वयंसेवकांना 2061 च्या जानेवारीत मिळेल.