मालेगावचा सिनेमा

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव या यंत्रमागांच्या शहरात हौशी कलावंतांनी हिंदी-उर्दू आणि खानदेशी वळणाच्या बोलीत काढलेल्या अल्पखर्ची व्हिडिओ चित्रपटांची परंपरा. वृत्तपत्रांनी तिला ‘मॉलीवूड’ असेही म्हटले आहे. स्टुडिओ, सरकारी अनुदान किंवा मुंबईचा वितरक यांपैकी काहीही पाठीशी नसताना गावच्या पैशावर आणि गावच्या प्रेक्षकावर ती उभी राहिली, म्हणून भारतीय चित्रपटाच्या इतिहासात तिला स्वतंत्र जागा द्यायला हवी.

भूमी : मोसम नदी बागलाणातून मुल्हेर, ताहाराबाद, नामपूर अशी वाहत मालेगावात येते आणि तिथे गिरणेला मिळते. नामपूर, सटाणा ही कांद्याच्या बाजाराची गावे. घरात अहिराणी आणि मोठ्या खरेदीला मालेगाव, हा तिथला जुना रिवाज. मालेगावात मात्र जीवन मागाभोवती फिरते. 1857 नंतरच्या काळात उत्तर भारतातून आलेल्या विणकरांनी ही वस्ती वाढवली, पुढे हातमागाची जागा पॉवरलूमने घेतली. दिवसपाळी, रातपाळी आणि शुक्रवारची सुटी. जुम्म्याची नमाज झाली की लूम कामगाराची पावले सिनेमाकडे वळतात. हे वेड आजही ओसरलेले नाही. नोव्हेंबर 2023 मध्ये ‘टायगर 3’च्या खेळाला मोहन टॉकीजमध्ये प्रेक्षकांनी चक्क फटाके लावले. ते धोक्याचे होते आणि त्यावर टीका झाली ती योग्यच. पण पडद्याशी या गावाचे नाते किती तापलेले आहे ते त्यातून कळते.

उगम : प्रवर्तक नासिर शेख. ते व्हिडिओ पार्लर चालवत. चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली असे नाना देशांचे चित्रपट त्यांनी तिथे पाहिले आणि दाखवले. दोन व्हीसीआर जोडून नको ते दृश्य गाळायचे, हवे ते जोडायचे, एवढ्यावर ते संकलन शिकले. ‘मालेगाव के शोले’ (2000) हा त्यांचा पहिला गाजलेला चित्रपट सुमारे 50 हजार रुपयांत झाला असे सांगितले जाते. त्यातले डाकू घोड्यांऐवजी सायकलींवरून येतात. हा विनोद गरजेतून आला, पण तो जमला, कारण घोडा मालेगावात कुणाच्या दारी नाही आणि सायकल घरोघर आहे. ‘शोले’तल्या रामगडचा दरारा आपल्या गल्लीत उतरलेला पाहून लोकांनी गर्दी केली. लेखक फरोग जाफरी आणि अभिनेते अक्रम खान हे या चमूतले महत्त्वाचे साथीदार.

निर्मितीची रीत : नट म्हणजे लूमवरचे कामगार, टपरीवाले, दुकानदार. मानधन नाममात्र, बहुधा तेही नाही. कॅमेरा लग्नाच्या चित्रीकरणाचा. ट्रॉली हवी असेल तर कॅमेरा घेतलेला माणूस सायकलवर बसतो आणि दुसरा ती हलकेच ढकलतो. उंचावरून दृश्य हवे तर बैलगाडीची क्रेन होते. स्थानिक स्त्रिया पडद्यावर येत नसल्याने नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागत. शहराची ही मर्यादा चित्रपटांनी ओलांडली नाही, आणि त्यांच्यातील स्त्रीपात्रे त्यामुळे फिकी राहिली.

सर्वाधिक तपशील उपलब्ध आहे तो ‘मालेगाव का सुपरमॅन’चा, कारण फैजा अहमद खान यांनी त्याच्या चित्रणावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (2008) हा माहितीपट केला. सुपरमॅन झाला शफीक शेख, लूमवर काम करणारा किडकिडीत तरुण. हिरव्या कापडासमोर त्याला आडवे धरून आकाशात ‘उडवले’ गेले. शहराच्या धुळीने या सुपरमॅनला दमा आहे, खलनायकाला घाणीचे वेड आहे. मालेगावच्या हवेवर आणि गटारांवर इतके थेट बोट ठेवणारा चित्रपट दुसरा नाही. पाण्यातले दृश्य घेताना कॅमेराच पाण्यात पडला, तेव्हा काम थांबले. दुरुस्ती करून पुन्हा सुरू झाले. शफीकचे पुढे कर्करोगाने निधन झाले. 8 सप्टेंबर 2006 आणि 29 सप्टेंबर 2008 या दोन दिवशी शहर बॉम्बस्फोटांनी हादरले. बाहेरच्या जगाला मालेगाव तेवढ्यापुरतेच ठाऊक असताना या माहितीपटाने त्याची दुसरी ओळख देशोदेशींच्या महोत्सवांत नेली. भारतात तो 2012 मध्ये चित्रपटगृहांत आला.

अर्थकारण : कमाई स्थानिक पार्लरमधील खेळ आणि कॅसेट, नंतर सीडी यांवर. नकली सीडी निघू लागल्या तसा हा पाया खचला. नायजेरियातही 1992 च्या ‘लिव्हिंग इन बाँडेज’पासून व्हीएचएस कॅसेटवरच मोठा चित्रपट व्यवसाय उभा राहिला. मात्र तिथल्या बाजाराचा पसारा मालेगावला लाभला नाही. शिवाय इथली सुरुवात गाजलेल्या चित्रपटांच्या विडंबनाने झाली, त्यामुळे बाहेर विकायला स्वतःची म्हणावी अशी कथा थोडीच होती.

उत्तरकाळ : यूट्यूबने बाजार पुन्हा उघडला. ‘छोटू दादा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, ठेंगण्या चणीच्या दुसऱ्या एका शफीकचे खानदेशी विनोदी लघुपट कोट्यवधी वेळा पाहिले गेले. ‘छोटू दादा ट्रॅक्टरवाला’ त्यांत विशेष गाजला. याच सुमारास अहिराणी गाण्यांनाही या माध्यमावर अफाट प्रेक्षक मिळाला. नासिर यांच्या चमूच्या कहाणीवर रीमा कागती यांनी ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट केला. पटकथा वरुण ग्रोव्हर यांची. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंह आणि शशांक अरोरा यांनी अनुक्रमे नासिर, फरोग आणि शफीक साकारले. टोरांटो महोत्सवात 2024 मध्ये दाखवल्यावर 28 फेब्रुवारी 2025 रोजी तो भारतात प्रदर्शित झाला.

दादासाहेब फाळके यांचा हाच जिल्हा. त्यांचे चित्रपट फिल्मवर होते म्हणून निदान त्यांतले काही अंश उरले. मालेगावचे सुरुवातीचे काम कॅसेटच्या चुंबकीय फितीवर आहे, आणि ही फीत काही दशकांतच खराब होते. मूळ प्रती गोळा करून त्यांचे डिजिटल रूपांतर करणे निकडीचे आहे.