फॅसिटचे गाव

आग्नेय स्वीडनमधल्या ओत्विडाबेरी या छोट्या गावाची गोष्ट बहुधा एका वाक्यात उरकली जाते: हिशेबाची यांत्रिक यंत्रे बनवणाऱ्या फॅसिट कंपनीला इलेक्ट्रॉनिक्सची चाहूल लागली नाही आणि जपानी कॅल्क्युलेटरांनी तिचा धंदा बसवला. चाहूल मात्र चांगलीच लागली होती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात फॅसिटने सरकारी संगणक प्रकल्पातले अभियंते आपल्याकडे घेऊन स्वतःचा संगणक काढला. पुढच्या दशकात तर जपानच्या हायाकावाचे, म्हणजे आजच्या शार्पचे, इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटर ती स्वतःच विकत होती. मग घोडे अडले कुठे? माझ्या मते, गावातच.

ओत्विडाबेरी मुळात तांब्याच्या खाणींचे गाव. मालकी आडेल्सव्हेर्ड या सरदार घराण्याची. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तांबे संपत आले, तेव्हा जंगलातल्या लाकडाचे फर्निचर होऊ लागले. कचेऱ्यांना टेबले विकणाऱ्यांनी त्या टेबलांवरची यंत्रेही विकावीत, हे ओघाने आलेच. १९२२च्या सुमारास डबघाईला आलेली फॅसिट गावातल्या कंपनीकडे आली आणि कारभार एलोफ एरिक्सनच्या हाती गेला. १९३२च्या दहा कळांच्या यंत्राने जगाची बाजारपेठ उघडली. (भारतात हे नाव पुढे मद्रासला बनणाऱ्या टाइपरायटरांमुळे ओळखीचे झाले.) असे यंत्र म्हणजे बारीक सुट्या भागांची गर्दी. ते घासणे, जुळवणे, दुरुस्त करणे हे कसब हीच गावाची खरी पुंजी, आणि घरांपासून खेळापर्यंत सारे कंपनीच्या आधाराने उभे. इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरला हे कसब लागतच नव्हते. तो मनापासून स्वीकारायचा तर आपल्याच शेजाऱ्यांचे हात निकामी ठरवावे लागणार होते.

हा भावुक तर्क आहे, शेवटपर्यंत यांत्रिक यंत्रे खपत होती म्हणून कंपनी थांबली, असे कोणी म्हणेल. खप होताच, आणि त्याने निर्णय लांबवणे सोपे केले. पण पैसा असलेली कंपनी नव्या मालाचा निव्वळ विक्रेता होऊन का राहते, हे खपाच्या आकड्यांतून कळत नाही. सांडव्हिकेनसारखी एका कंपनीची गावे टिकली, हा आक्षेप अधिक वजनदार. तिथे मात्र पोलादाचे प्रकार बदलले तरी भट्टी राहिली आणि भट्टीवरची माणसेही लागत राहिली.

१९७१-७२मध्ये फॅसिट कोसळली आणि इलेक्ट्रोलक्सच्या ताब्यात गेली. नेमक्या १९७२ आणि १९७३ साली गावाच्या फुटबॉल संघाने स्वीडनचे विजेतेपद मिळवले. १९७३ला युरोपीय चषकात बायर्न म्युनिकला पेनल्टींपर्यंत झुंजवले. म्हणजे कंपनीवाचूनही गाव समर्थ होते, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टिकत नाही. एलोफचा मुलगा गुन्नार हाच कंपनीचाही कर्ता होता आणि क्लबचाही. ते चषक आधीच्या सुगीतल्या धान्यावर आले होते.